लेकीच्या घरचं पाणी

तात्या येवतीकरांवर मी आयुष्यभर चिडत आले. आता ते नाहीत, तर चिडायचं कुणावर हेच कळत नाही. कुणी त्यांचं कौतुक करायला लागलं की मला आधी राग येतो, मग डोळ्यांत पाणी येतं, आणि पाणी आलं म्हणून परत राग येतो. माझे मिस्टर म्हणाले, "तू एकदाचं लिहून काढ बाई, आणि आम्हाला मोकळं कर." म्हणून बसले आहे.

नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात आमची टेबलं शेजारीशेजारी होती. माणूस उंच, जरासा वाकलेला, मुखेडकडच्या उन्हात भाजून निघालेला. शर्टाच्या खिशात पेन आणि पेनाशेजारी एक चमचा. पेन कधीकधी सापडत नसे, चमचा कायम असे. कुणाच्याही डब्याचं झाकण उघडलं की चमचा बाहेर. सकाळी सगळे एकमेकांना नमस्कार करायचे, तात्या विचारायचे, "काय शिजवलंत ताई आज?" मी रागाने म्हणायचे, "माझं डोकं." त्यावर ते म्हणत, "चालतंय. मीठ बेतानं घाला."

रेल्वेच्या फुकट प्रवासाचे पास सगळ्यांनाच मिळायचे. आम्ही काय करायचो? तिरुपती, शिर्डी, नाहीतर नणंदेच्या लग्नाला. आणि जाताना दशम्यांचा ढीग, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी. आमच्याकडच्या यात्रा कंपन्यांचं तर विचारूच नका. बसच्या टपावर शेगडी, पोत्यात डाळी, सोबत स्वयंपाकी. माणसं रामेश्वराला जाऊन पिठलं खाऊन येतात आणि वर सांगतात, "जेवणाची सोय लई चांगली होती, अगदी घरच्यासारखं." तात्या हे ऐकलं की कपाळावर हात मारून घेत. "घरच्यासारखंच खायचं होतं तर घर काय वाईट होतं हो?"

त्यांची तऱ्हा वेगळी. कुठल्याही गावी उतरले की ते देऊळ विचारत नसत, लॉज विचारत नसत. पिठाची गिरणी कुठं आहे ते विचारत. गिरणीवर जाऊन एका बाजूला बसत आणि लोक काय दळायला आणतात ते बघत. तांदूळ, बाजरी, नाचणी, कुठे काय, कुठे काय. मी एकदा म्हटलं, "अहो, देवळात जा ना आधी." म्हणाले, "देवळात माणूस चांगलं कापड घालून येतंय ताई. गिरणीत हाय तसं येतंय." मग नांदेडच्या आपल्या हिंदीत कुणातरी बाईला विचारायचं, "अम्मा, ये पीठ का क्या बनाते तुम?" बाई आधी हसायची, मग सांगायची, आणि दहापैकी नऊ वेळा घरी घेऊन जायची.

पण फुकट जेवायचं नाही हा त्यांचा कायदा. पिशवीत ज्वारीचं पीठ असे. यजमानीण बाईला म्हणायचे, "तुमचं मी खातो, माझं तुम्ही खा." आणि मांडी घालून तिच्या चुलीपुढे बसून भाकरी थापायचे. बापा, काय भाकरी! पातळ, गोल, टम्म फुगलेली. हे ते आईकडून शिकलेले. पुरुषमाणूस भाकरी थापतोय म्हटल्यावर सगळी गल्ली बघायला यायची. कच्छमध्ये एका म्हातारीने बाजरीचा रोटला आणि लोणी पुढे ठेवलं, तात्यांनी ज्वारीची भाकरी थापून तिच्या ताटात ठेवली, आणि दोघं एकमेकांची भाकरी वरखाली करून बघत बसले. "सोयरीक जुळवून राहिल्यावानी," असं ते स्वतःच सांगत.

त्यांच्या घराच्या अंगणाची आतली भिंत ही अजून एक गोष्ट. जिथे जेवले तिथली एक नक्षी शिकून यायची आणि भिंतीवर काढायची. कच्छकडच्यासारखं मातीचं उठावाचं काम, त्यात बारीक आरसे. तामिळनाडूतली ठिपक्यांची रांगोळी. झारखंडच्या कुठल्याशा गावातले भिंतीवरचे बैल. आता हात तात्यांचा, त्यामुळे झारखंडचा बैलसुद्धा आमच्याकडचा देवणी दिसायचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके आणि लोंबते कान. त्यांची एकुलती एक लेक जया त्यांना चिडवायची, "बाबा, ह्याला पोळ्याला सोडा तेवढा." तात्यांची बायको, आमच्या काकू, बिचाऱ्या दर दिवाळीला भिंत तेवढी सोडून बाकी घर रंगवायच्या.

एकदा आम्ही त्यांच्याबरोबर गेलो. नांदेडहून थेट ओडिशातल्या संबलपूरची गाडी आहे, तर मिस्टर म्हणाले जाऊन येऊ. जयाचं लग्न ठरलेलं होतं, तात्यांना तिच्यासाठी तिकडची साडी विणकराच्या घरूनच आणायची होती. गिरणीवरून ओळख निघाली आणि आम्ही एका विणकराच्या घरात. अंगणभर सूत ताणलेलं. तिकडे आधी सुताला गाठी मारतात, मग रंगात बुडवतात, गाठी सोडतात, परत मारतात, दुसऱ्या रंगात बुडवतात. नक्षी दिसते ती विणल्यावर. तात्या त्या गाठी मारणाऱ्या माणसाच्या शेजारी अख्खी सकाळ बसून. दुपारी त्याच्या आईने पखाळ वाढलं. रात्रीचा भात पाण्यात ठेवून आंबवलेला, सोबत तळलेले सांडगे, कांदा, मिरची. मी एक घास घेतला आणि माझं तोंड वाकडं झालं. तात्यांनी सरळ समोरून माझ्यावर डोळे वटारले. "ताई, आंबील पिता न्हवं येळवसला? मंग? ही ह्यांची आंबील हाय. खा गुमान." खाल्लं. दुसऱ्या घासाला बरं लागलं, हे मी त्यांना कबूल केलं नाही.

त्या माऊलीच्या चुलीवर त्यांनी भाकरी थापली. ती तोंडाला पदर लावून हसत होती. निघताना तिने विचारलं, लेकीचं सासर कुठे? तात्या म्हणाले, "लातूर. जवळच." आणि साडी कपाळाला लावून पिशवीत ठेवली.

तर असा हा माणूस. कुणाच्या घरी जेवला नाही? कोळ्याच्या जेवला, विणकराच्या जेवला, मेंढपाळाच्या पालात जेवला. जात विचारली नाही, भांडं कसलं ते पाहिलं नाही. आणि ह्या माणसाने लातूरला आपल्या पोटच्या लेकीच्या घरी कधी पाण्याचा घोट घेतला नाही.

लेकीला लेकरू होईपर्यंत आईबापांनी तिच्या सासरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी चाल. आता कोण पाळतं? माझे वडील माझ्या घरी पहिल्याच दिवशी चहात बिस्कीट बुडवून मोकळे झाले. माझं माहेर लातूरचं, जयाचं घर आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. तात्या लेकीला भेटायला निघाले की बऱ्याचदा मीही त्याच बसने माहेरी जायचे. त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे, ऐकीव नाही.

घरात शिरायचे, खुर्चीवर टेकायचे. पिशवीतून नांदेडची पाण्याची बाटली काढायचे आणि शेजारी ठेवायचे. जावई धनंजय, तिथल्या एका क्लासमध्ये गणित शिकवायचा, साधा सरळ पोरगा. तो हात जोडून म्हणायचा, "बाबा, निदान चहा." तात्या हसून मान हलवायचे. भूक लागली की स्टँडवर जाऊन पोहे खाऊन यायचे. स्टँडवरचे पोहे! जो माणूस म्हणायचा की हॉटेलात मिळतं ते त्या गावाचं नसतंच, तो लेकीच्या गावात हॉटेलचं खायचा. पाणीटंचाईच्या उन्हाळ्यात तर कहर. लातूरला थेंब नव्हता, तात्या नांदेडहून लेकीसाठी पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन आले. तिने त्याच कॅनमधलं पाणी पेल्यात ओतून पुढे केलं. म्हणाले, "आता ते तुझ्या घरचं झालं माय." आणि आपली बाटली उघडली.

जया त्या दिवशी माझ्यासमोर रडली. "काकू, बाबांनी कच्छात पाणी पिलं, ओडिशात पिलं. माझंच घर तेवढं परमुलूख हाय का हो?"

लग्नाआधी ह्या पोरीला धड चहा करता येत नव्हता. शिकायला हॉस्टेलवर, घरी आली की आईची लाडकी. लग्नानंतर माहेरी आली तर तात्यांचा हुकूम, माहेरवाशिणीने चुलीपाशी जायचं नाही, बसून खायचं. म्हणजे तिने बापाला करून घालायची एकच जागा उरली, तिचं स्वतःचं घर. आणि तिथे बाप बाटली घेऊन बसलेला. तरी ती हट्टाने स्वयंपाक शिकली. कुठला, तर तात्यांनी सांगितलेला. ते जिथे जाऊन आले, तिथलं काय काय खाल्लं ते तिला फोनवर सांगायचे. ती विचारून विचारून करून बघायची. उंबऱ्यासमोर त्या तामीळ रांगोळ्या काढायची. लातूरच्या त्या दोन खोल्यांत सगळा मुलूख शिजायचा, फक्त ज्याच्यासाठी शिजायचा तो जेवायचा नाही.

मी एकदा बसमध्ये तात्यांना धरलंच. म्हटलं, "एवढे शहाणे तुम्ही, आणि हे काय खूळ धरून बसलात?" त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं. मग म्हणाले, "माझी अक्का हाय न्हवं देवणीला. मी ल्हान असताना बाबांसंगं तिच्या घरी गेलतो. उन्हाचं चालून आलतो. अक्काला दिवस गेलेले. तिनं बाबांना ताक दिलं. बाबा पिले. त्याच आठवड्यात अक्काचं पोट पडलं, मंग पुन्हा कूस उजवलीच न्हाई. तिच्या सासूनं चारचौघांत बाबांना बोल लावला. बाबांनी मरेपर्यंत ताकाला हात लावला न्हाई ताई. जेवताना ताक आलं की उठून जायचे." मी म्हटलं, "अहो, ताकाने कुठे..." त्यांनी हात वर केला. "मला बी कळतंय. पन लेकीच्या बाबतीत कळून काय करता? परक्याच्या घरी माझ्या खाण्यानं त्याचं काय बिघडत न्हाई. हिचं बिघडलं तर?"

आणि जयाचं बिघडतच होतं. दोनदा दिवस राहिले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. दर वेळी तात्या अजून कडक झाले. आधी निदान खुर्चीवर बसायचे, मग दारातूनच बोलून निघायला लागले. माझ्या मनात यायचं, ह्या माणसाच्या मुस्काटात द्यावी. आणि त्याच वेळी दिसायचं, की स्टँडवरचे पोहे अर्धे टाकून ते उठतायत.

डब्याची गोष्ट सांगते. एकदा लातूरहून निघताना जयाने माझ्याजवळ डबा दिला. चिंचेचा भात, तामिळनाडूकडचा, वरून आपल्याकडचे तळलेले शेंगदाणे. म्हणाली, "काकू, तुमचा म्हणून उघडा." मी ऑफिसात दुपारी झाकण काढलं. तात्यांचा हात सवयीने खिशातल्या चमच्याकडे गेला, आणि तिथेच थांबला. त्यांनी नुसता वास घेतला. "हे तुमच्या घरचं न्हाई ताई," म्हणाले. मला खोटं बोलता आलं नाही.

चमचा खिशातच राहिला. त्यांनी डबा घेतला आणि स्वतःच्या हाताने आम्हा सगळ्यांना थोडाथोडा वाढला. मग टेबलाला टेकून उभे राहिले आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायला लागले. "कसा झालाय? मीठ बरोबर हाय का?" आमचे एक साहेब होते, फटकळ, म्हणाले, "मीठ जरा कमी हाय येवतीकर." तात्या असे उसळले! "कमीच घालतात त्यात! चिंच असती, मीठ वर येतंय! तुम्हाला काय कळतंय त्यातलं?" साहेबांना कुणी ऑफिसात इतकं बोललेलं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. मग तात्या माझ्याकडे वळले आणि एकदम हळू आवाजात म्हणाले, "ताई, अजून जरा सांगा ना. दाणे करकरीत हायत का? भात मोकळा हाय का?" मी काय सांगणार? "लई चांगला झालाय तात्या," एवढंच म्हणाले. डबा त्यांनी नळाखाली धुतला, पुसला, आणि माझ्या पिशवीत ठेवला.

पुढे डॉक्टरांनी जयाला स्पष्ट सांगितलं, मूल होणार नाही. पंचमीला ती माहेरी आली होती. मी भेटायला गेले तर अंगणात त्या भिंतीसमोर बापलेक बसलेले. ती रडत नव्हती. शांतपणे विचारत होती, "बाबा, आता तर कधीच होणार न्हाई. म्हणजे तुम्ही कधीच जेवणार न्हाई का माझ्या घरी?"

तात्या भिंतीकडे बघायला लागले. काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून नवऱ्याकडे बघत होत्या. मग जयानेच वाट काढली, पोरगी वकील व्हायला पाहिजे होती. म्हणाली, "येळवसला या. आमच्या रानात."

लातूरकडे येळवस म्हणजे काय ते सांगायला हवं. मार्गशीर्षातली अमावस्या. सगळं शहर ओस पडतं, माणसं रानात जाऊन जेवतात. सगळ्या भाज्या-डाळींची मिळून केलेली भज्जी, आंबील, बाजरीचे उकडलेले उंडे. रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा हाक मारून बसवतात, आणि त्या दिवशी नाही म्हणायचं नसतं. जया म्हणाली, "रान म्हणजे काय घर न्हाई. उंबरा न्हाई, चूल तीन दगडांची. आन् तिथं तर वाटसरूला बी जेवू घालतात. वाटसरू म्हणून या बाबा. पिठाची पिशवी आणा, भाकरी थापा. परक्याच्या घरी जाता तसे या."

तात्यांनी तिच्याकडे पाहिलं. नंतर म्हणाले, "हाव. येतो."

अहो, त्या पोरीचा चेहरा! ती उठून नाचायचीच बाकी होती. तेव्हापासून मला तिचे सारखे फोन. काकू, भज्जीत हरभऱ्याची भाजी आधी घालू का नंतर? काकू, बाबांना आंबील जास्त आंबट चालते का? येळवसला तेव्हा अजून महिने होते. तात्या ऑफिसात उगीचच शीळ घालायला लागले होते. एकदा म्हणाले, "ताई, इतके गावं फिरलो, पन ह्या गावाला जायची धाकधूक होऊन राहिली बगा."

दसरा झाला आणि जयाला ताप आला. आधी साधाच वाटला. मग डेंग्यू निघाला, मग दवाखाना, मग पेशी कमी झाल्या, रक्तासाठी पळापळ. मी माहेरीच होते, रोज जायचे. तात्या कॉरिडॉरमध्ये बाकावर, शेजारी त्यांची ती बाटली. जया शुद्धीवर होती तोवर त्यांच्याशी बोलायची. एकदा मी आत होते तेव्हा म्हणाली, "बाबा, येळवस लांब हाय का हो अजून?" तात्या म्हणाले, "कुठं लांब? आली की. तू उठून बस आधी, भज्जी कोण करंल?" ती म्हणाली, "तुम्ही याल न्हवं पन? मी नसले तरी?" तात्या तिच्यावर ओरडले. दवाखान्यात, आजारी लेकीवर. "असलं बोलायचं न्हाई!" आणि पाणी भरायला म्हणून बाहेर गेले ते किती तरी वेळ आले नाहीत. मी बघायला गेले तर जिन्यात भिंतीकडे तोंड करून उभे.

दिवाळीच्या तोंडावर जया गेली.

त्या दिवसाचं मला सगळं आठवतं आणि काहीच लिहवत नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून आमच्या घरून पिठलं-भाकरी नेली होती. तात्यांनी ताटाकडे पाहिलंही नाही. माझा हात धरून एकच म्हणत होते, "मी नुसतं हाव म्हणलो ताई. जेवलो बी न्हाई. नुसतं हाव म्हणलो." मी तेव्हा त्यांच्यावर किंचाळले. पाहुणेरावळे सगळे बघत होते. "डासाने मेली ती तात्या! डासाने! तुमच्या हो म्हणण्याने नाही!" त्यांनी मान डोलावली, पण पटलं नव्हतं. त्या माणसाला मी अख्ख्या आयुष्यात एकही गोष्ट पटवून देऊ शकले नाही.

तिसऱ्या दिवशी देवणीहून अक्का आल्या. जख्ख म्हाताऱ्या, पुतण्याने धरून आणलेल्या. तात्या त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले आणि म्हणाले, "अक्का, बाबांचंच झालं गं माझं. तुझ्या ताकावानी." अक्कांनी त्यांचं डोकं वर उचललं. "कसलं ताक रं?" तात्यांनी सांगितलं. म्हातारीने पदराने त्यांचं तोंड पुसलं. मग म्हणाली, "अरे लेकरा, तुम्ही यायच्या चार दिस आधीपासून मला कळा यिऊन राहिल्या होत्या. सासू म्हणली, कुनाला बोलू नको, खळं चालू हाय. बाबा आले तव्हा बी मी घागर घिऊनच उभी होते. ताकानं काय होतंय रं?"

तात्या म्हणाले, "मंग सांगितलं कामून न्हाईस, अक्का?"

"मला कुनी इचारलं?" अक्का म्हणाल्या.

परक्या गावच्या गिरणीत बसून अनोळखी बायकांना काय खाता, कसं करता विचारणारा हा माणूस, आपल्या सख्ख्या बहिणीला एवढं एक विचारायला त्याची कधी जीभ उचलली नव्हती. त्यांच्या बापाचीही नाही. मी तात्यांकडे बघू शकले नाही. उठून मोरीत गेले आणि उगीच भांडी घासत बसले.

त्यानंतर तात्या कुठेही गेले नाहीत. निवृत्त झाले, पास तसेच पडून राहिले. आम्ही डबे उघडायचो तेव्हा त्यांच्या रिकाम्या टेबलाकडे बघायची चोरी. घरी गेलं की ते भिंतीसमोर बसलेले असत. आरसे गळून पडत होते, लावत नव्हते. मी चिडून म्हणायचे, "तात्या, अहो बाहेर पडा." ते म्हणायचे, "कुठं जाऊ? जायचं तिथं गेलो न्हाई."

धनंजयचं त्याच्या आईने दुसरं लग्न लावलं. मुलगी निलंग्याकडची, कांचन, आईबाप दोन्ही नसलेली, मामाने वाढवलेली. दुसरेपणाची बायको गळ्यात घालते तसा जयाच्या नावाचा चांदीचा टाक घालून ती लग्नानंतर पहिल्यांदा नांदेडला आली, काकूंच्या पाया पडली आणि म्हणाली, "ताईचं माहेर ते माझं माहेर." आमच्याकडे म्हणायची पद्धत असते, पण ही पोरगी मनापासून म्हणत होती. तिला दिवस गेले तेव्हा ती बाळंतपणाला काकूंकडेच आली. मुलगी झाली. तात्या बाळाला मांडीवर घ्यायला घाबरत होते. काकूंनी जबरदस्तीने ठेवलं, तर अंग चोरून, श्वास धरून बसून राहिले.

पुढे तात्या-काकू मुखेडकडे गावी राहायला गेले आणि तात्या तिकडेच वारले. मला कळलं ते सगळं आटोपल्यावर. पण त्याआधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते लातूरला. बाळ-बाळंतिणीला पोचवायला ते आणि काकू गेले, तेव्हा मीही माहेरी होते, म्हणून गेले.

घर तेच. स्वयंपाकघर तेच, जयाने लावलेल्या फळ्या, तिचे डबे. कांचनने बाळ धनंजयकडे दिलं आणि आल्याआल्या गॅस पेटवला. साधाच स्वयंपाक, वरण, भात, वांग्याची भाजी, भाकरी. पाट मांडला आणि पदर सावरून म्हणाली, "बाबा, आता लेकरू आलंय घरात. आता तर जेवता येतंय न्हवं?"

काकूंनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं, तात्या आता उठून स्टँडवर जाणार. मी दारात आडवी उभी राहिले, जाऊ द्यायचं नाही म्हणून. पण तात्यांनी चपला काढल्या, हातपाय धुतले आणि पाटावर बसले.

पहिला घास तोंडात घालून ते बराच वेळ चावत राहिले. मग गिळला. कांचनने भीतभीत विचारलं, "मीठ बरोबर हाय का बाबा?"

"बरोबर हाय माय," ते म्हणाले.

मान खाली घालून ते जेवत होते. डोळ्यांतलं पाणी सरळ ताटात पडत होतं, पुसत नव्हते. आधीच बेताचं जेवणारा माणूस, त्यात वय झालेलं. ताट संपलं. कांचन म्हणाली, "अजून वाढू?"

"वाढ."

तिने वाढलं. ते संपलं. काकू हळूच म्हणाल्या, "पुरे आता, सोसायचं न्हाई." तात्यांनी ऐकलं नाही. कांचन भांडं घेऊन वाकून उभी होती, तिला कळत नव्हतं काय करावं. तिने माझ्याकडे पाहिलं. मग परत विचारलं, "बाबा, अजून?"

"वाढ," तात्या म्हणाले.